सम-विषम

आज सम आहे की विषम?
कुमठेकर रस्त्यावरच्या पाटीला एवढंच माहीत,
पी-वन इकडे, पी-टू तिकडे.
तारीख ज्याची त्याने आणायची.
मी एक पाय टेकून, स्कूटर चालूच ठेवून
बोटांवर मोजते :
सोमवारी लोहोकरे ट्रेडर्स,
मंगळवारी ते गुलटेकडीचे कांदेवाले...
मंगळवार झाला का?
मागून हॉर्न. मागून अजून एक हॉर्न.
लावते डावीकडे.
डावीकडे, डावीकडे, डावीकडे,
म्हणत तीन मजले चढते
आणि दारातला पहिला फोन ते पुसून टाकतो.

सप्टेंबरअखेर. बेचाळीस फायली.
लोहोकऱ्यांचा ताळेबंद सव्वातीन रुपयांनी जुळत नाही,
हे मला झोपेतही ठाऊक असतं,
म्हणजे झोपले तर.
पण परवा चहा उतरवला
आणि हात तसाच राहिला हवेत.
ते द्या, म्हटलं, ते...
जाळीचं, दांड्याचं,
ज्यातून...
रेणूने ते माझ्या हातात ठेवलं.
ती हसली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर गुजराथींनी डोक्याचा फोटो काढला,
उजेडाला धरून म्हणाले,
सगळं जागच्या जागी आहे.
मग मीच जागेवर नसेन.
शेवटची सलग झोप कधी झाली?
मी आठवू लागले, मनापासून,
परीक्षेत आठवतात तसं.
त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली
आणि एका कागदावर काहीतरी लिहिलं.
तो कागद घरात आहे. नक्की घरातच आहे.

तेव्हापासून तळहातावर बॉलपेनने लिहिते.
गॅस. फी. दुधाचे पैसे. मावशीला फोन.
संध्याकाळी कणीक मळताना
मावशी गेली पोळीत,
फी राहिली अर्धी.

रात्री साडेआठला खाली आले
तर डावीकडे स्कूटर नाही.
उजवीकडेही नाही.
दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, चोरी.
मी निमूट तीन गल्ल्या शोधल्या,
अपराध्यासारखी.
शेवटी पानवाला म्हणाला,
अहो ताई, दुपारीच उचलली की!
आणि मला इतका आनंद झाला
की त्याला वाटलं, मी चेष्टा समजले.

नदीकाठच्या मैदानात
एका ट्यूबलाइटखाली हवालदार भोईटे.
विसर्जन होऊन गेलंय,
पण यांचे डोळे अजून बंदोबस्तातच.
गाडी नंबर?
एमएच बारा, म्हटलं.
एवढंच आलं.
एमएच बारा तर अख्खं पुणं आहे.
पुढं?
पुढं धुकं. आणि धुक्यातून,
कुणी हाक न मारता,
चार हजार सातशे एकोणीस.
ठणठणीत. पितळी.
भोईट्यांनी वही पालथी घातली. नाही सापडत.
मग माझ्याच लक्षात आलं :
हा बाबांच्या सायकलचा बिल्ला.
मी पुढच्या नळीवर बसायचे,
गुडघ्याशी तो लुकलुकायचा.
सांगितलं त्यांना.
ते म्हणाले, सायकली आम्ही उचलत नाही, मॅडम.
आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकले.

किल्ली घेऊन रांगेतून फिरले.
पांढऱ्या स्कूटरी एकवीस.
कुणाच्या कुणाच्या कुलपात किल्ली घालताना
मनातल्या मनात माफी मागत.
चौदावी वळली.
सीटखाली कोथिंबिरीची जुडी,
वाळून गवत झालेली.
कधी घेतली होती, कुणाच्या पोह्यांसाठी...
जाऊ दे.

पावतीवर भोईट्यांचं पेन तारखेपाशी थांबलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी त्यांच्याकडे.
चौदा दिवस घरी गेलो नाही हो, म्हणाले,
आणि मागे वळून ओरडले,
ए पोरा, आज किती रे?
अंधारातून पोरगा म्हणाला,
मोबाइल बंद पडलाय साहेब!

मग आम्ही दोघं तसेच.
ट्यूबलाइटभोवती पाखरं.
पर्समध्ये ऑफिसचा फोन थरथरून गप्प झाला,
पुन्हा थरथरला.
मी उचलला नाही.

गाळणं, मी म्हटलं.
काय?
काही नाही. सावकाश लिहा.